माझ्याशी कुणी भांडेना

माझ्या डोक्याला मार लागला आणि त्या दिवसापासून माझ्याशी कुणी भांडेनासं झालं. वाचणाऱ्याला वाटेल, सुटली बाई. घरात शांतता, सगळे गोड बोलताहेत, आणखी काय हवं? असं वाटणाऱ्याने थोडे दिवस तसं जगून बघावं आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

आधी मी कशी होते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. अर्धवट फाइल घेऊन आलेला माणूस माझ्या टेबलापासून जरा लांबच उभा राहायचा. माझा नवरा मूळचा पुण्याचा, नोएडात आयटी कंपनीत आहे आणि भांडणात मला तोडीस तोड. आमटीत गूळ किती घालावा, गाझियाबादच्या घरून माझ्या ऑफिसला, कोपर्निकस मार्गाला, गाडीने जायचं तर कुठल्या पुलावरून जावं, एसी चालू असताना पंखा लावावा का, असल्या विषयांवर आम्ही रोज तावातावाने भांडायचो आणि भांडता भांडता जेवायचो. मुलगी इकडेच वाढलेली, आता कॉलेजात आहे. ती कानांत हेडफोन घालायची आणि म्हणायची, "तुम्ही दोघं थकत नाही का, यार?" आम्ही थकत नव्हतो. एकमेकांशी बोलायची आम्हाला तीच रीत ठाऊक होती.

सोसायटीतल्या गणपतीचंही तसंच. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं थोडी, पण गणपती बसतो आणि एक दिवस सगळ्यांची पंगत होते. मागच्या वर्षी अळूच्या फदफद्यात मुळा घालायचा की नाही यावर एवढं वाजलं, की एक काका रागाच्या भरात दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून घरी गेले. मुळ्याच्या विरोधात मी होते. मुळा पडला नाही.

आणि मग ती ई-रिक्षा. मेट्रो स्टेशनवरून घरी येताना वळणावर चाक खड्ड्यात गेलं, रिक्षा आडवी झाली आणि माझं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. पुढचं बरंच काही मला आठवत नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साचलं होतं, ते काढलं. मी वाचले, चालायला लागले, बोलायला तर लगेच लागले. एकच गोष्ट परत आली नाही. माझी डावी बाजू. डोळे ठीक होते, पण डावीकडे जग आहे याकडे माझा मेंदू लक्षच देईना.

हे मला कळलं जेवणाच्या ताटावर. आपल्याकडे पान वाढायची पद्धत ठरलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्यावर भडकले, "आजारी माणसाला चटणी-कोशिंबीरसुद्धा वाढायची नाही असं ठरवलंय का? रोज नुसती भाजी-पोळी ढकलताय." त्याने माझं ताट धरलं आणि हळूच फिरवलं. चटणी आली, कोशिंबीर आली, लिंबाची फोड आली. रोज तिथेच होती ती.

मी चुकले होते, पार चुकले होते. पण एरवी तो म्हणाला असता, "डोळे आहेत की बटणं?" आणि मी म्हटलं असतं, "बटणं तर बटणं, तुझ्या आईने शिवलीत का?" त्या दिवशी त्याने फक्त ताट फिरवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात गेला. मला रडू आलं ते कोशिंबिरीसाठी नव्हे.

नंतर कळलं की हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी घरच्यांना बसवून समजावलं होतं. चिडचिड हे या दुखापतीचं लक्षणच आहे. वाद घालू नका. हो म्हणा आणि विषय बदला. झालं. माझा आयुष्यभराचा राग, जो मी स्वतःच्या मेहनतीने कमावला होता, तो एका दुपारीत लक्षण होऊन बसला. वरच्या मजल्यावर भरदुपारी कुणीतरी भिंतीत ड्रिल चालवत होतं. मी म्हटलं, ही काय वेळ आहे का, जाऊन सांगा त्यांना. मुलगी म्हणाली, "बिल्कुल, आई. एकदम सही बोलतेयस. तू आता रेस्ट कर हं." अहो, ड्रिल खरंच चालू होतं! पण माझ्या तोंडून तक्रार निघाली की तिच्यामागे काही कारण असेल, हे घरात कुणाच्या मनातच येईना. त्या "हं"चा मला इतका तिटकारा आला, की आजही कुणी मला "हं" म्हणालं तर माझी कानशिलं तापतात.

ऑफिसला परत जायचं म्हणजे घरातून निघून मेट्रोपर्यंत आणि तिकडे मंडी हाउस स्टेशनला उतरून पुढे, एकटीने रस्ते ओलांडत जाणं आलं. डॉक्टरांचं म्हणणं, आधी त्याचा सराव करा. नोएडात एक केंद्र आहे, तिथे व्हर्च्युअल रिॲलिटीने सराव घेतात. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवतात आणि आपण एका खोट्या रस्त्याच्या कडेला उभे असतो. दोन्ही बाजूंना धरायला दांडे. जागच्या जागी पावलं टाकायची, रस्त्यातून आपण पुढे सरकतो. गाडीने उडवलं तरी लागत नाही, समोर सगळं लाल होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. कल्पना उत्तम आहे, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. माझं भांडण त्या यंत्राशी नव्हतंच.

पहिल्या दिवशी मी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, पाऊल टाकलं आणि धाड. पुन्हा तेच. पुन्हा धाड. चष्मा काढून मी थेरपिस्टला म्हटलं, "ये सड़क उलटी है।"

थेरपिस्ट तरुण होती, हसरी, मनाने चांगली. ती समोरच्या लॅपटॉपवर बघत होती. तिच्या पडद्यावर मला दिसणारा रस्ता नसायचाच. वरून काढलेला नकाशा असायचा, एक ठिपका म्हणजे मी, बाकीचे ठिपके म्हणजे गाड्या, आणि कोपऱ्यात माझे गुण. ती म्हणाली, "मॅम, आपका लेफ्ट साइड पे ध्यान नहीं जाता ना, इसलिए गाड़ी अचानक आती लगती है। पहले लेफ्ट देखिए, हमेशा पहले लेफ्ट।"

आता यावर काय बोलणार? माझ्या तक्रारीचं उत्तर माझ्याच आजारात तयार होतं. डावीकडून गाडी येते म्हटलं, की तुमचं डावीकडे लक्षच नाही. रस्ता उलटा वाटतो म्हटलं, की डोक्याला मार लागल्यावर असं वाटतंच. पुन्हा म्हटलं, की चिडचिड. आवाज चढवला, की पाण्याचा ग्लास. एकदा तर त्या खोट्या रस्त्यावरच्या गाडीतला ड्रायव्हर मला नको त्या बाजूला बसलेला दिसला. ते मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता माझ्या डोक्यात डावं-उजवंही उलटंपालटं झालं. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो. त्यांनी मला खुळी ठरवलं ते ठरवलंच, पण मीही मुकाट्याने मान डोलावली.

त्याच दिवसांत गणपतीची मीटिंग आमच्या घरी झाली. मी सोफ्यावर, पाठीला उशी, सगळे माझ्याकडे बघून देवळातल्यासारखं हळू बोलताहेत. फदफद्याचा विषय निघाला आणि मुळ्यावरून कुणी अवाक्षर काढलं नाही. मला कळेना, ही तीच माणसं का. मग माझं डोकं फिरलं आणि मी मुद्दामच म्हटलं, "यंदा पंगतीत वरण नको. राजमा करू या."

मी वाट बघत बसले. गणपतीच्या पंगतीत, मोदकाशेजारी, वरणभाताच्या जागी राजमा! ज्या काकांनी मुळ्यासाठी परक्या चपला पळवल्या होत्या, ते आता पेटून उठतील अशी माझी खात्री होती. काका म्हणाले, "छान कल्पना आहे." काकू म्हणाल्या, "काहीतरी वेगळं होईल, नाही?" मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या आईच्या घरी गणपतीत कांदासुद्धा येत नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "करू या की. अच्छा आहे."

मी उठून आत गेले आणि दार आपटलं. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "होतं असं. वेळ लागतो."

केंद्रात मात्र मी सुधारत होते. हमेशा पहले लेफ्ट. मान डावीकडे, पाऊल, मग उजवीकडे, पाऊल, पलीकडचा फुटपाथ, की चष्म्यात वाद्यांचा गजर. माझे गुण चढत गेले. थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या, माझा ठिपका कसा सरळ रेषेत पलीकडे जातो ते नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो एरवी काचेच्या दाराबाहेर बसायचा, घरच्यांनी आत थांबू नये असा तिथला नियम. मग ती म्हणाली, आता खरा रस्ता करून बघा, बरोबर कुणीतरी असू द्या.

एका रविवारी सकाळी आम्ही सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिलो. पलीकडे भाजीवाला, त्याच्याकडून कोथिंबीर आणायची एवढंच काम. नवरा माझ्या मागे, हात न लावता. मी शिकवल्याप्रमाणे मान डावीकडे वळवली, नीट पाहिलं, काही नव्हतं, आणि आत्मविश्वासाने पाऊल टाकलं.

उजवीकडून टेम्पो आला. नवऱ्याने माझा दंड धरून मला इतक्या जोरात मागे ओढलं की आम्ही दोघंही फुटपाथवर बसलो. टेम्पोवाला शिव्या देत निघून गेला. माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच सरळ बोलणं होतं त्या महिन्यातलं.

तिथे फुटपाथवर बसल्याबसल्या मला सगळं कळलं. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून कडेला उभं राहिलं की पहिली गाडी उजवीकडून येते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलत नाही. त्या चष्म्यातला रस्ता दुसऱ्याच कुठल्यातरी देशातला होता, जिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथे पहिली गाडी डावीकडून येते. ड्रायव्हर बरोबर जागी बसला होता. माझं डोकंही जागेवर होतं. माझी उजवी बाजू शाबूत होती, अपघातानंतरही शाबूत होती, आणि या लोकांनी टाळ्या वाजवून वाजवून मला तिकडे आधी बघायचं विसरायला लावलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "त्या खेळात गाड्या उलट्या बाजूने चालतात. परदेशातल्यासारख्या. म्हणून मी डावीकडे पाहिलं."

तो माझ्या कोपराला लागलेली माती झटकत होता. म्हणाला, "हो. बरं. सांगू हं त्यांना. चल आधी घरी."

हं!

पुढच्या वेळी केंद्रात गेल्यावर मी चष्मा घालायला नकार दिला. थेरपिस्टला सांगितलं, तुमच्या रस्त्यावर वाहतूक चुकीच्या बाजूने चालते, मी परवा मरता मरता वाचले. ती समजुतीने म्हणाली, "मॅम, गुस्सा आना नॉर्मल है। एक सेटबॅक से हिम्मत नहीं हारते।" मी विचारलं, तू स्वतः हा रस्ता कधी ओलांडलास का? ती म्हणाली, "मैंने पहना है ना मॅम, बीच वाला। बहुत सुंदर है।" समुद्रकिनाऱ्याचा देखावा बघितला होता तिने, पहिल्या दिवशी, यंत्र बसवणाऱ्या माणसांनी दाखवला तेव्हा. रस्ता कुणीच ओलांडला नव्हता. रस्ता आमच्यासारख्या डोकी फुटलेल्यांसाठी होता आणि आम्ही काहीही म्हटलं तरी ते लक्षण होतं.

मी दांडे धरून उभी राहिले आणि ओरडले. काचेबाहेर बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. नवरा दार ढकलून आत आला. मी चष्मा त्याच्या छातीवर टेकवला आणि मराठीत म्हटलं, "तू घाल. तू घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मला समजूत नको आहे तुझी. तू रस्ता ओलांड."

त्याने थेरपिस्टकडे पाहिलं, तिने मान हलवली. पेशंट शांत होणार असेल तर काय हरकत आहे, अशी ती मान होती. तो म्हणाला, "चलो, बघतो," आणि चष्मा चढवला. लहान मुलीने भातुकलीत दिलेला खोटा चहा पितात तशा चेहऱ्याने.

मी बघत होते. त्याची मान सवयीने उजवीकडे गेली. पाऊल टाकलं. आणि तो "अरे!" करून असा मागे उडाला, की पाठ दांड्यावर आदळली. थेरपिस्टच्या नकाशावर त्याचा ठिपका लाल झाला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा मान उजवीकडे, पुन्हा लाल. मग तो रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला, डावी-उजवीकडे बघत, खूप वेळ.

चष्मा काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं ते गोड हसू गेलं होतं. त्याने थेरपिस्टला विचारलं, "ये सड़क कहाँ की है?"

ती म्हणाली, "सर, सड़क तो सड़क होती है।"

मग तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. एवढं सांगते की त्याच्यावर कुणी लक्षणाचा शिक्का मारला नाही, त्याला पाण्याचा ग्लास कुणी दिला नाही. वरच्या मजल्यावरून मुख्य डॉक्टर धावत आले. यंत्राच्या मेनूत शोधाशोध झाली आणि तिथे पर्याय निघाला. वाहतूक कुठल्या बाजूची हवी, डावी की उजवी. बोट टेकवलं, झालं. इतके आठवडे मी जे सांगत होते ते एका बोटाचं काम होतं. थेरपिस्ट रडवेली झाली. म्हणाली, "सॉरी मॅम। लेकिन आपका लेफ्ट सच में इम्प्रूव हुआ है।" ते खरं होतं, म्हणून मला आणखीच संताप आला. मी पुढेही तिथे जात राहिले, त्याच चष्म्याने, आपल्या बाजूच्या रस्त्यावर. त्याचा उपयोग झाला. पण मी रागावून सांगितलं ते खुळेपण आणि त्याने रागावून सांगितलं ती तक्रार, हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता. त्याच मऊ आवाजात म्हणाला, "सॉरी गं. मी ऐकायला हवं होतं."

"त्या आवाजात बोलू नकोस माझ्याशी," मी म्हटलं.

"कुठल्या आवाजात?"

"मयताला आल्यासारख्या."

त्याने गिअर बदलला. पुढच्या बसला हॉर्न दिला, गरज नसताना पुन्हा दिला. कान लाल झाले होते. आणि एकदम स्टिअरिंगवर हात आपटून तो ओरडला, "आणि तो राजमा! गणपतीच्या पंगतीत राजमा! अक्कल आहे का तुला काही?"

मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो बसला होता माझ्या उजव्या हाताला, म्हणजे मला स्वच्छ दिसत होता. घामाघूम, नाकपुड्या फुललेल्या, भांडणातला माझा नवरा. इतक्या दिवसांनी.

"तेव्हा का नाही बोललास?" मी आवाज चढवला.

"तू आजारी होतीस म्हणून!"

"आणि आता?"

"आता तू आजारीबिजारी काही नाहीस, मूर्ख आहेस! आईला काय सांगू मी? मोदकाबरोबर राजमा खाल्ला म्हणून?"

माझे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी आणखी जोरात ओरडले. म्हटलं, वरणाला काय सोनं लागलंय, वर्षानुवर्षं तेच पाणी ओतताय पानात. तो म्हणाला, वरणाला पाणी म्हणणाऱ्या बाईला पंगतीत बसायचा अधिकार नाही. शेजारच्या गाडीतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी जन्मात कधी राजमा केलेला नाही, मला तो आवडतही नाही. पण गाझियाबाद येईपर्यंत मी राजम्याची बाजू सोडली नाही, आणि त्यानेही एकदासुद्धा हो म्हटलं नाही.